कामाच्या सूचना व्हॉइस नोटवर देणं बंद करा

वेर्णा_शिफ्ट:
गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत डिस्पॅचला आहे. व्हॉइसमेल आपल्याकडे कधी रुजलाच नाही, पण आता साहेब लोक व्हॉट्सअ‍ॅपवर तीन-तीन मिनिटांच्या व्हॉइस नोट टाकतात आणि त्यात मध्येच कुठेतरी बॅच नंबर बोलून जातात. मागे मशीनचा आवाज, मग "थांब हां जरा", की परत पहिल्यापासून लावा. आठ म्हणाले की साठ, कळणार कसं? मेल असता तर सर्च मारला की सापडला. औषधाच्या कामात सूचना लेखीच हवी.

कळंगुट_हाऊसकीपिंग:
पात्रांव, सगळ्यांकडे कंपनीचा मेल आयडी असतो का? माझ्याकडच्या निम्म्या मुली झारखंड-ओडिशाच्या. ग्लोव्हज ओले, ट्रॉली कॉरिडॉरमध्ये, "२०४ लेट चेकआउट, आधी २११ घे" एवढं हिंदीत बोललं की काम झालं. इंग्रजी मेल टाकून काय उपयोग?

वेर्णा_शिफ्ट:
रूम नंबरला माझी हरकत नाही. पण ओव्हरटाइम, रजा, पगारातली कपात तोंडी सांगायची आणि महिन्याअखेरीस "मी असं बोललोच नाही", हे कसं चालेल?

पाटो_एचआर:
व्हॉइस नोट म्हणजे पुरावाच नाही असं समजू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे, कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड प्रमाणपत्रासकट कोर्टात देता येतं, मेल असो की आवाज. फक्त ग्रुपवर डिसअपिअरिंग मेसेज चालू असले तर २४ तास, ७ दिवस नाहीतर ९० दिवसांत सगळं गायब. आणि ऑफिसचा मेल तरी कुठे आपला, राजीनामा दिला की लॉगिन बंद.

मडगाव_डेस्क:
मेलचं एवढं कौतुक नको. सीसीत अख्खं डिपार्टमेंट, त्यात कोणीतरी रिप्लाय ऑल करून "नोटेड" लिहिणार, जे फोनवर दोन मिनिटांत सुटलं असतं त्याला दोन दिवस. वर रात्री साडेअकराचा मेल. ड्युटीनंतर मेल-फोन न घेण्याचा हक्क द्या म्हणून सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं होतं, कायदा काही झाला नाही.

कळंगुट_हाऊसकीपिंग:
रात्रीचा त्रास आम्हालाही आहे, आणि फोन आमचा, रिचार्ज पण आमचाच. ओव्हरटाइम-कपातीचं वेर्णावाल्यांचं पटलं, ते लेखी पाहिजेच. पण हिंदीत द्या, नाहीतर मुलींना ते वाचून कोण दाखवणार?