मदत हवी: भिंगाचा दिवा मान टाकतो, वर लुकलुकतोही

मंडळी, जुने ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त करायचा छंद आहे. टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बसणारा, भिंगाभोवती एलईडीची कडी असलेला दिवा वापरतो. भिंग ५ डायॉप्टरचं, म्हणजे सव्वादोन पट मोठं दिसतं. चाळिशी लागल्यापासून रेझिस्टरचे रंगपट्टे त्याशिवाय दिसतच नाहीत.

दुखणी दोन. वरचा हात ठेवला तिथे ठरत नाही. सोल्डरिंग चालू असताना भिंग हळूहळू खाली येत पीसीबीला (रेडिओच्या सर्किटच्या पट्टीला) टेकतं. कोपराचा नट आवळला की थोडा वेळ बरं, मग पुन्हा तेच. दोनपैकी एक स्प्रिंग गंजलीय (गोरेगावच्या पावसाळ्यात काय गंजत नाही!) आणि तिची वेटोळी एका जागी फाकलीत. दुसरं, हात ठरावीक कोनात वाकवला की उजेड जातो, किंचित मागे ढकलला की येतो. हलवलाच नाही तर तासन् तास नीट चालतो.

अडॅप्टर नाही, साधा दोन पिनांचा प्लग आहे. हात लोखंडी. दुकानदाराचं ठरलेलं उत्तर, "नवा घ्या, याचे पार्ट येत नाहीत." पण काचेच्या भिंगावर एक ओरखडा नाही, आणि नवे पाहिले ते बहुतेक प्लास्टिकच्या भिंगाचे. टाकवत नाही.

वायर कोपरापाशी कापून जोडली तर चालेल का? आणि सुटी स्प्रिंग कुठे मिळेल?

प्रतिसाद १
लक्षणं वायरचीच आहेत. वाकून वाकून आतल्या तारा तुटतात, वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. ड्रायव्हर (डोक्यातलं, एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) बिघडला असता तर हात न हलवताही लुकलुकला असता. खात्री करायची तर प्लग काढा, डोकं उघडा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून प्लगच्या पिनेपासून ड्रायव्हरपर्यंत एकेक तार तपासा आणि तपासताना कोपर हलवत राहा. बीप तुटली की सापडलं.

कोपरात जोड मात्र अजिबात नको. तो पुन्हा तिथेच तुटेल, आणि अडॅप्टर नाही म्हणजे त्या लोखंडी हातातून २३० व्होल्ट जातायत. अख्खी वायर बदला. तीन तारांची मऊ मल्टीस्ट्रँड घ्या, अर्थिंग हाताला जोडा, प्लग तीन पिनांचा लावा. कोपरापाशी थोडी ढील सोडा. लॅमिंग्टन रोडला सगळं मिळेल, रविवारी जाऊ नका.

प्रतिसाद २
स्प्रिंगसाठी नागदेवी स्ट्रीट. जुनी सोबत न्या; तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि लांबी, तिन्ही जुळायला हवीत. शक्यतो जोडीच बदला, एक नवी एक जुनी झाली की हात तिरका ओढतो. काढताना हात पूर्ण वर उचलून ताण कमी करा, नाहीतर स्प्रिंग सुटून तोंडावर येते. कोपराला तेल घालू नका. तो घर्षणावरच ठरतो, वॉशर झिजले असतील तर तेवढे बदला.

आणि दिवा उघडून पडलाय तोवर भिंग उन्हात ठेवू नका. ५ डायॉप्टरचं ऊन २० सेंटिमीटरवर एकवटतं, टेबलावरचा कागद पेटू शकतो.

धागाकर्ता
धन्यवाद. भिंग कपाटात गेलं. स्प्रिंग स्टेनलेस स्टीलची मागू का, की साधीच बरी?

प्रतिसाद २
गोरेगावला? स्टेनलेसच.