प्रतिसाद: ‘कट्’ आवाज येतो, पण इंजिन फिरत नाही

छोटा ट्रॅक्टर सुरू होत नाही, या प्रश्नावर इथे कोणीतरी ‘चावी फिरवल्यावर नुसता कट् आवाज येतो, म्हणजे बॅटरी गेली’ असं उत्तर दिलंय; ते निदान मला घाईचं वाटतं. स्थिर असताना १२.६ व्होल्ट आणि स्टार्टर मारताना ९.६ च्या वर मिळत असतील तर नवीन बॅटरीवर पैसे घालू नका. सीट आणि क्लचच्या सेफ्टी स्विचबद्दल (सीटवर बसल्याशिवाय, क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर चालू न देणारे स्विच) त्याच उत्तरात लिहिलंय ते बरोबर, पण ते स्विच जोडले गेले नाहीत तर बहुतेक वेळा कट् आवाजही येत नाही.

अर्थिंगबद्दल, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून चासी आणि इंजिनपर्यंतच्या जोडणीबद्दल, इथे कोणीच बोललं नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नव्हे!), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष त्याच वाटेवर आहे. आमच्या घोडबंदर रोडच्या नर्सरीतल्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरला पावसाळ्यानंतर हेच झालं होतं. अर्थची केबल बाहेरून धडधाकट, पण रबर सोलल्यावर तांब्याच्या तारा हिरव्या पडून सुटत होत्या. खाडीकाठच्या दमट हवेत हे होणारच. केबल बदलली, चासीवरचा रंग पॉलिश पेपरने खरवडून बोल्ट आवळला, वर व्हॅसलीन लावलं. बॅटरी अजून तीच आहे.