लिनक्स मिंटवर छपाई होते, पण स्कॅनर सापडत नाही: सोसायटीच्या कार्यालयासाठी सल्ला हवा

नेरुळ_सेक्रेटरी:
सप्रेम नमस्कार. नेरुळमधील आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयात दोन जुने संगणक आहेत. विंडोज १० चे अधिकृत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले आणि हे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते. नव्या खरेदीचा विषय सर्वसाधारण सभेत नेण्याऐवजी समितीने दोन्हींवर लिनक्स मिंट २२ ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली बसवून घेतली. मेंटेनन्सची बिले, पावत्या आणि पत्रव्यवहार लिब्रेऑफिसमध्ये व्यवस्थित चालू आहे.

अडचण छपाई आणि स्कॅनिंगची आहे. प्रिंट, स्कॅन आणि झेरॉक्स एकत्र करणारे एक अलीकडचे यंत्र यूएसबी केबलने जोडताच आपोआप ओळखले गेले व छापूही लागले. स्कॅनिंगचीही सोय व्हावी म्हणून आमच्या संगणक दुरुस्ती करणाऱ्याने उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर, बसवला. तेव्हापासून एकाच यंत्राची दोन नावे दिसतात, त्यांपैकी एकावर दिलेले काम रांगेतच अडकून राहते आणि स्कॅनर मुळीच सापडत नाही. दुसरा प्रिंटर बराच जुना, फक्त यूएसबीवर चालणारा लेझर आहे. त्याला काम दिले की दिवा लुकलुकतो, पण पान बाहेर येत नाही. तो भंगारात काढावा काय?

घोडबंदर_रोड:
आपल्या पहिल्या यंत्रात बिघाड नाही. एकाच केबलवर मिंटमधील सोय आणि कंपनीचा ड्रायव्हर अशा दोघांनी हक्क सांगितला आहे.

लिनक्सवरील छपाईचे काम कप्स ही प्रणाली पाहते आणि स्कॅनिंगचे काम सेन ही वेगळी प्रणाली पाहते. त्यामुळे एक चालले म्हणून दुसरे चालेलच असे नसते. अलीकडची बहुतेक यंत्रे मात्र आयपीपी या प्रमाणित पद्धतीने छापतात व ईएससीएल या पद्धतीने स्कॅन देतात, आणि त्यांना कंपनीच्या ड्रायव्हरची गरजच पडत नाही. ॲपलने २०१० साली आणलेली एअरप्रिंट ही ड्रायव्हरविना छपाईची सोय आयपीपीवरच उभी आहे. म्हणून खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया (अशीच दुसरी सोय) असे लिहिलेले असले, तर ते यंत्र लिनक्सवर बहुधा विनातक्रार चालते. यूएसबीने जोडलेल्या अशा यंत्राशी बोलण्याचे काम आयपीपी-यूएसबी नावाची सेवा करते. मिंट २१ पासून, म्हणजे २०२२ पासून, ही सेवा आणि स्कॅनिंगसाठीचे सेन-एअरस्कॅन मूळ प्रणालीतच येतात. यंत्र जोडताच ही सेवा त्याचा यूएसबी मार्ग स्वतःकडे घेते, आणि नंतर आलेल्या कंपनीच्या ड्रायव्हरला दार बंद मिळते.

आता दोन्हींपैकी एकच ठेवावे लागेल. माझ्या मते कंपनीचे पॅकेज काढून टाकावे, प्रिंटरच्या यादीतील दोन्ही नावे पुसावीत, यंत्र बंद करावे, केबल काढून पुन्हा जोडावी आणि मिंटमधील डॉक्युमेंट स्कॅनर उघडावा. कंपनीच्याच ड्रायव्हरमधील एखादी सोय हवी असेल, तर उलट करून आयपीपी-यूएसबी व सेन-एअरस्कॅन काढावे. मिंटच्या प्रकाशन-टिपणांतही हा मार्ग दिलेला आहे. तरीही प्रणालीच्या प्रत्येक मोठ्या अद्ययावतीकरणानंतर कंपनीचा ड्रायव्हर टिकेल याची खात्री नसल्याने मी पहिल्या मार्गाच्या बाजूचा आहे.

कोणते काम कुठे अडकले हे पाहायचे असेल, तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट लिहून पुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके व ६३१ हा पोर्ट क्रमांक द्यावा (localhost:631). कप्सचे पान उघडते आणि अडलेल्या कामाचे कारणही बहुधा तिथेच लिहिलेले असते.

कळवा_खाडी:
जुन्या लेझरविषयी लिहितो. आपण मॉडेल सांगितलेले नाही आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. स्वस्त लेझर प्रिंटरच्या एका पिढीत पान रचण्याची अक्कल यंत्रात ठेवलेलीच नव्हती. ते काम संगणकाने करून, कंपनीच्या खासगी भाषेत, यंत्राकडे पाठवायचे. आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० कॅप्ट नावाची अशीच भाषा बोलतो. एचपीचा लेझरजेट १०२० तर दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून आपले फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, मागतो. ते मिळेपर्यंत छापत नाही. एचपीच्या बाबतीत एचपीलिप हा ड्रायव्हरांचा संच मिंटमध्ये मिळतो, पण अशा मॉडेलांना त्याच्या जोडीला कंपनीचा बंदिस्त प्लगइन (पुरवणी सॉफ्टवेअर) लागतो. प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते, त्यामुळे अपडेट झाल्यावर कालपर्यंत छापणारा प्रिंटर आज गप्प बसला तर आधी प्लगइन पुन्हा बसवून पाहावा. कॅप्टसाठी स्वयंसेवकांनी लिहिलेला ड्रायव्हर आहे, पण तो सोर्स कोडपासून, म्हणजे मूळ प्रोग्रॅमच्या मजकुरापासून, स्वतः बांधून घ्यावा लागतो. सोसायटीच्या कार्यालयात ही कसरत कोण करणार, हा खरा प्रश्न आहे.

(अवांतर: १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेतील लेझर प्रिंटरचा सोर्स कोड रिचर्ड स्टॉलमन यांना नाकारला गेला आणि त्या अनुभवाचा त्यांच्या पुढच्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीशी थेट संबंध आहे. प्रिंटरची आणि आपली कटकट तेवढी जुनी आहे.)

भंगारात काढण्याची घाई नको, मॉडेल कळवावे. पण पुढची खरेदी लॅमिंग्टन रोडवर करा किंवा वाशीत, दुकानदाराला ‘लिनक्सवर चालेल का’ असे विचारू नका, कारण उत्तर नेहमी ‘चालेल’ असेच मिळते. पीसीएल व पोस्टस्क्रिप्ट या प्रचलित प्रिंटर-भाषा किंवा एअरप्रिंट यांपैकी काय आहे ते माहितीपत्रकात स्वतः वाचून घ्या.

नेरुळ_सेक्रेटरी:
आपणा दोघांचे आभार. कंपनीचे पॅकेज काढून केबल पुन्हा जोडल्यावर स्कॅनर दिसू लागला आणि जुनी शेअर सर्टिफिकेटे स्कॅन करण्याचे काम सुरू झाले. जुना लेझर एचपीचा १०२० च आहे; प्लगइन बसवल्यावर तो छापू लागला, परंतु बिलाच्या तळाची, सहीची ओळ कापली जाते.

घोडबंदर_रोड:
कागदाचा आकार लेटर (अमेरिकेतील प्रचलित आकार) राहिलेला दिसतो. तो २७९ मिलिमीटर लांब असतो आणि आपला ए४ कागद २९७. प्रणाली बसवताना भाषा अमेरिकन इंग्रजी निवडली की असे होते. प्रिंटरच्या गुणधर्मांत आणि लिब्रेऑफिसच्या पान-शैलीत, अशा दोन्ही ठिकाणी ए४ करावे. एकाच ठिकाणी बदलल्यास ओळ कापली जाणे चालूच राहील.