परीक्षा मुलांची की शाळेची?
'पाचवी-आठवीची परीक्षा परत आली, आता शाळा ताळ्यावर येतील,' हे म्हणणं मला अर्धंच पटलं. २००९ च्या शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं, २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत परीक्षा घेऊन नापास करायची मुभा राज्यांना दिली. पण नापास होणार ते मूलच ना? शाळेला कोण विचारतंय! भाचीच्या वर्गात चाचणीच्या आदल्या दिवशी बाईंनी उत्तरं फळ्यावर लिहून दिली. पोरीला रिकाम्या जागा तोंडपाठ, हातच्याची वजाबाकी मात्र येईना. (बाईंना तरी काय बोलणार, निम्मा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो.) चाचणी तरी दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी घ्यावी आणि मागे पडलेल्या वर्गाला जादा शिक्षक द्यावा.