पिंगमध्ये ० टक्के लॉस दिसला म्हणजे लाइन ठणठणीत? अजिबात नाही

तारजोडे:
पिंग म्हणजे दुसऱ्या मशीनला 'आहेस का?' विचारून उत्तराची वाट बघणारी कमांड, आणि लॉस म्हणजे किती प्रश्नांना उत्तर आलं नाही त्याचे टक्के. काल इथे एका भाऊंनी छातीठोकपणे लिहिलं की "प्रिंटरला पिंग मारलं, ४ पाठवले ४ आले, लॉस ० टक्के, म्हणजे नेटवर्क ओके, प्रिंटर गेलाय, नवीन घ्या." आणि त्यांनीच खाली चिकटवलेलं आउटपुट नीट वाचा, चारही ओळींत 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'! त्या ओळीत 'रिप्लाय फ्रॉम'च्या पुढे जो आयपी आहे तो प्रिंटरचा नाहीये, त्यांच्याच लॅपटॉपचा आहे. लॅपटॉपने एआरपीने (आयपीवरून त्याच नेटवर्कातलं मशीन शोधायची पद्धत) सगळ्यांना विचारलं की हा पत्ता कोणाचा, कोणीच ओ दिली नाही, मग लॅपटॉपने स्वतःच स्वतःला कळवलं की बाबा तिकडे पोचता येत नाही. विंडोज तीही ओळ 'रिसीव्ह्ड'मध्ये मोजतं. खरं उत्तर आलं तर ओळीत बाइट्स, टाइम आणि टीटीएल (पाकीट अजून किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) असतं. हे न बघता लोकांना खर्चात पाडू नका, कळकळीने सांगतोय.

खिडकीवाला:
ती पोस्ट माझीच. साध्या माणसाने टक्के नाही बघायचे तर काय बघायचं? शेवटी ठळक छापतात ० टक्के लॉस, आणि चूक म्हणे वाचणाऱ्याची! जी कमांड न पोचलेलं पोचलं म्हणून मोजते तिला आधी बोला.

केबलकाढ:
मुळात पिंगवर एवढा विश्वासच का? माझ्या दुसऱ्या पीसीला पिंग मारलं की कायम 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', आणि त्याच पीसीवरचं शेअर केलेलं फोल्डर मस्त उघडतं. फायरवॉल इको रिक्वेस्ट, म्हणजे पिंगचा प्रश्नच, अडवते, संपलं. ट्रेसर्टमध्ये (वाटेतले सगळे टप्पे दाखवणारी कमांड) मधे तीन चांदण्या दिसल्या की लोक लगेच ओरडतात लाइन तुटली म्हणून, अरे शेवटचा हॉप (टप्पा) येतोय ना? मधला राउटर उत्तर देत नाही एवढाच त्याचा अर्थ. पिंग १९८३ चं टूल आहे, त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची.

तारजोडे:
जुनं आहे म्हणून वाईट कसं? उत्तर आलं नाही तर काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण अनरीचेबल आणि टाइम्ड आउट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक पिंगच दाखवतं. खिडकीवाला, एआरपी -ए मारा, लॅपटॉपला सापडलेल्या पत्त्यांची यादी येईल, प्रिंटरचा पत्ता त्यात दिसतो का बघा.

निवांत_बसा:
ह्या सगळ्याचं मूळ आयपीव्ही६, म्हणजे नेटच्या पत्त्यांची नवी पद्धत, आहे. पिंग लोकलहोस्ट (आपल्याच मशीनला पिंग) मारलं तर जुन्या १२७.०.०.१ च्या जागी ::१ येतं, लोकांना वाटतं व्हायरस शिरला. माझ्या बाबांचा पीसी किती दिवस रखडत होता, साइट उघडायच्या आधी नुसतं गोल फिरत राहायचं. हेल्पडेस्कवाल्याने अडॅप्टरमधली आयपीव्ही६ ची टिक काढायला लावली आणि तिथून पुढे पळायला लागला. बंद करा, सुखात राहा.

तारजोडे:
ताई, हा सल्ला वाचला की खरंच संताप येतो. ::१ म्हणजे तेच आपलं मशीन, फक्त व्ही६ मधलं नाव. खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं की आयपीव्ही६ बंद करू नका. टिक काढून दोष जात नाही, झाकला जातो.

निवांत_बसा:
संताप तुमच्याकडे ठेवा. बाबांचं नेट चालू झालं हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तुम्ही नाही.

केबलकाढ:
दोघं थांबा जरा. टिक परत लावा आणि एकाच साइटला पिंग -४ (जुन्या आयपीव्ही४ ने) आणि पिंग -६ (आयपीव्ही६ ने) वेगवेगळं मारा. फक्त ६ अडकलं तर वाटेत कुठेतरी व्ही६ तुटलेलं असणार, राउटरलाही व्ही६ ने पिंग मारून बघा. दोन्ही नीट आले तर तेव्हा नुसता अडॅप्टर रीसेट झाल्याने फरक पडला असेल.

खिडकीवाला:
एआरपीत काही नाही. प्रिंटर राउटरच्या गेस्ट वायफायवर जाऊन बसला होता, तिकडे त्याला वेगळाच पत्ता मिळालेला. आता प्रिंट येतेय. ठीक आहे, प्रिंटर चांगलाय. पण तो ० टक्के छापणं चुकीचं ते चुकीचंच, ह्यावर मी हटणार नाही.

तारजोडे:
त्यावर माझंही दुमत नाही.

निवांत_बसा:
मारलं. -४ ला टाइम, टीटीएल सगळं येतंय, -६ ला चारही टाइम्ड आउट. राउटरला व्ही६ ने पिंग लागतं, त्याच्या पुढे काही नाही. दुसरी साइट घेऊन पाहिली, तेच. बरं, दोष बाहेर आहे, पटलं. प्रोव्हायडरकडे हे आउटपुट जोडून तक्रार टाकलीये. पण ते दुरुस्त करेपर्यंत बाबांनी गोल फिरताना बघत बसायचं का? टिक काढलेलीच राहील.

तारजोडे:
राहू द्या. फक्त त्यांनी लाइन नीट केली की आठवणीने परत लावा, आणि पुढच्या माणसाला सल्ला देताना आधी -६ मारायला सांगा.

निवांत_बसा:
सांगेन. टिकही काढायला सांगेन.