नोवा गोरित्साचे ट्रान्साल्पिना स्थानक: ओळख रेल्वेची की सीमेची?

धागाकर्ता:
स्लोव्हेनियातील नोवा गोरित्साच्या रेल्वे स्थानकासमोरच्या चौकातून १९४७ मध्ये सीमा आखली गेली. स्थानक युगोस्लाव्हियाकडे आले आणि जुने गोरित्सिया शहर इटलीत राहिले. आज या स्थानकाविषयी जे काही सांगितले जाते, ते बहुतेक या चौकाविषयीच असते आणि हेच मला खटकते. स्थानक सीमेपेक्षा ४१ वर्षांनी जुने आहे. त्रिएस्ते बंदराला आल्प्सपलीकडच्या प्रदेशाशी जोडणारा दुसरा लोहमार्ग ऑस्ट्रिया-हंगेरीने १९०६ मध्ये खुला केला, त्या ‘ट्रान्साल्पिना’ नावाच्या मार्गाचे हे स्थानक. जवळच सोचा नदीवर सोलकानचा पूल आहे, ज्याची ८५ मीटर लांबीची दगडी कमान पहिल्या महायुद्धात उडवली गेली आणि पुढे इटलीच्या राजवटीत पुन्हा बांधली गेली. चौकात एक पाय इटलीत आणि एक स्लोव्हेनियात ठेवून छायाचित्र काढणाऱ्याला यातले काय कळते?

प्रतिसाद १:
आपला मुद्दा मला पटत नाही. गोरित्सिया इटलीत गेले म्हणूनच नोवा गोरित्सा हे नवे शहर वसवावे लागले. त्यामुळे इथल्या माणसांसाठी सीमा ही नंतर चिकटलेली गोष्ट नसून शहराच्या जन्माचेच कारण आहे. याच इमारतीवर एके काळी इटलीकडे तोंड करून कम्युनिस्ट युगोस्लाव्हियाचा लाल तारा लावलेला होता. चौकातले कुंपण २००४ मध्ये निघाले, पण २०२० मध्ये साथीच्या काळात ते काही महिने पुन्हा उभे राहिले आणि लोक जाळीच्या दोन्ही बाजूंना उभे राहून आपल्या माणसांशी बोलले. इतकी ताजी आठवण आपण दुय्यम कशी मानता?

धागाकर्ता:
२०२० ची आठवण दुय्यम नाही, हे मान्य करतो. मात्र येसेनित्से आणि सेझानाकडे जाणाऱ्या गाड्या अजूनही याच फलाटावर थांबतात. स्थानकातल्या संग्रहालयात सीमेची कहाणी मांडली आहे, तशी लोहमार्ग बांधणाऱ्या मजुरांची आणि पुलाचीही ठळकपणे मांडावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद २:
पुलाला जागा अवश्य द्यावी, परंतु ती सीमेच्या वस्तू हलवून नव्हे. पूल सोलकानला जाऊन आजही पाहता येतो. चौकातले कुंपण आता फक्त अशा वस्तूंतूनच दिसते.