मदत हवी आहे: कोठीतल्या गव्हाला सोंडे लागले, ऊन नाही, आता काय करू?

आम्ही नागपूरला तिसऱ्या माळ्यावर राहतो, घरात चार माणसं. एप्रिलमध्ये कळमन्याच्या धान्यबाजारातून वर्षभराचा गहू आणला, ६० किलो, सोबत १५ किलो तूर डाळ. मे महिन्यात गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दिलं, सुकवलेला कडुलिंबाचा पाला घातला आणि स्टीलच्या कोठीत भरलं. काल पिठासाठी गहू काढला तर हात घातल्याबरोबर गरम लागला, खाली पीठ साचलेलं आणि बऱ्याच दाण्यांना बारीक भोकं. खूप जीव तुटला हो, एवढं निवडून पाखडून ठेवलेलं. डाळ वेगळ्या डब्यात आहे, तिला एरंडेल चोळलं होतं, ती अजून एकदम चांगली आहे.

मला वाटते दोन चुका झाल्या, एक तर गहू गार न होऊ देता तसाच भरून राहिली होती मी आणि कोठी कूलरच्या खोलीत होती, तिथे जून संपेपर्यंत ओल असतेच ना.

आता चाळून घेतला, पण पाऊस आहे, वाळवायला ऊन नाही. फ्रीजर लहान आहे, एका वेळी ४-५ किलोच मावते. पाऱ्याच्या गोळ्या किंवा पावडर नको, घरात दीड वर्षाचं बाळ आहे.

तर चाळलेला गहू थोडा थोडा फ्रीजरमध्ये ठेवून परत भरला तर आतली अंडी मरतात का, किती दिवस ठेवावा लागते? आणि गव्हाला एरंडेल चालते का, १० किलोला किती, की पोळीला वास येते?